सुट्टीत लेकरांचे जर्मन शब्द टिकवायचे असतील तर

शाळा उघडल्या की पहिल्याच आठवड्यात पालकांचे फोन सुरू होतात. "मॅडम, सगळं विसरला बघा. एप्रिलमध्ये घडाघडा बोलत होता, आता चमच्याला काय म्हणतात तेही सांगता येईना." मी सोलापुरात, पूर्व भागात, घरच्या घरी सहावी ते नववीच्या मुलांना जर्मन शिकवते. दर जूनला हे ऐकते आणि दर जूनला सांगते की काही शब्द खरंच गेलेत, पण बरेचसे आत आहेत, नुसते वर येईनात. ते वर काढायची सवय सुट्टीतही मोडू द्यायची नाही, एवढंच आपलं काम. त्याची तयारी मात्र एप्रिलच्या मध्यालाच करावी लागते, म्हणून हे सगळं एकदा नीट लिहून काढतेय.

आधी एक गैरसमज काढू. आमच्या भागातल्या पोरांना घरात तेलुगू, शाळेत मराठी, शेजारी किंवा आजोळी कन्नड, आणि टीव्हीवरून हिंदी अशा तीन-चार भाषा कुणी न शिकवता येतात. त्यामुळे आईबापांना वाटतं, जर्मनही तशीच अंगाला चिकटेल. इंग्रजीसुद्धा विसरायला इथे जागा नाही. दुकानाची पाटी, बिस्किटाचा पुडा, मोबाइलचा स्क्रीन, सगळीकडे ती आहेच. जर्मन मात्र क्लासच्या बाहेर कानावर पडत नाही. मे महिन्यात क्लास बंद म्हणजे जर्मन बंद, आणि तीही सलग महिना-दीड महिना. पोराची बुद्धी कमी पडली असा त्याचा अर्थ काढू नका.

विसरण्याची चाल कशी असते हे कळलं की पुढची अर्धी कामं आपोआप सुचतात. हर्मान एबिंगहाउस या जर्मन संशोधकाने 1885 मध्ये स्वतःवरच केलेले प्रयोग छापले. निरर्थक अक्षरांच्या याद्या तो पाठ करायचा, मध्ये वेळ जाऊ द्यायचा आणि तीच यादी पुन्हा पाठ करायला किती कमी कष्ट पडतात ते मोजायचा. एका दिवसानंतर पहिल्या कष्टांपैकी साधारण एक तृतीयांश वाचत होते, आणि महिन्यानंतर साधारण एक पंचमांश. म्हणजे मोठी घसरण पहिल्याच दिवसात झाली, उरलेल्या महिन्यात थोडीच. आपल्या लेकरांचे शब्द निरर्थक नसतात, त्यांना चित्र असतं, अर्थ असतो, म्हणून ते इतक्या वेगाने जात नाहीत. पण उताराचा आकार तोच, सुरुवातीला खडा आणि नंतर सपाट. आपल्याकडे करतात नेमकं उलटं. "आत्ताच तर सुट्टी लागली, खेळू दे" म्हणून मे सगळा सोडतात आणि शाळेच्या आधीच्या आठवड्यात वही हातात देतात. पहिली उजळणी सुट्टीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच झाली पाहिजे. मग नंतर चार-सहा दिवसांची फट पडली तरी चालते.

कोणते शब्द आधी जातात? बनाने, टेलेफोन, लाम्पे असे ओळखीच्या तोंडवळ्याचे शब्द जात नाहीत. आकडेही आमच्या पोरांचे बरे टिकतात. 'एक आणि वीस' अशी उलटी मांडणी मराठीत आहेच, त्यामुळे एकवीसला ती अडखळत नाहीत. सगळ्यात आधी उडतात ती नामाच्या आधी येऊन त्याचं लिंग दाखवणारी डेअर, दी, दास. त्यानंतर क्रियापदं, आणि मग 'वाइल' म्हणजे कारण, 'ट्रॉट्सडेम' म्हणजे तरीही, असले ज्यांचं चित्र काढता येत नाही ते शब्द. आणखी एक. शब्द समोर दिसला तर ओळखणं आणि शब्द आपणहून तोंडातून काढणं ही दोन वेगळी कामं आहेत, आणि दुसरं कितीतरी लवकर गंजतं. घरची परीक्षा नेहमी दुसऱ्या प्रकारची असते. "चमच्याला काय म्हणतात रे?" पोरगं गप्प, की झाला निकाल, सगळं विसरला. त्यालाच 'ल्योफेल' लिहून दाखवा, पटकन चमचा उचलेल.

लहान वर्गातलं लेकरू जास्त विसरतं हेही धरून चाला. परदेशात राहून परत आलेल्या मुलांवर झालेल्या अभ्यासांतही हेच दिसतं, की वयाने लहान आणि ती भाषा वाचायला न शिकलेली मुलं ती लवकर गमावतात. म्हणून सहावीतल्या धाकट्याची नववीतल्या ताईशी तुलना करू नका. त्याच्याकडून रोमन लिपीत लिहून मात्र घ्या. नुसतं ऐकून पाठ केलेलं त्याच्याजवळ टिकणार नाही.

एप्रिलमध्ये

सुट्टीच्या आधीच्या दोन आठवड्यांत मी नवीन धडा घेत नाही. पालकांना हे पटत नाही, फी दिलेली असते. पण शेवटच्या आठवड्यात कोंबलेले शब्द सगळ्यात आधी गळतात, आणि त्यांच्या नादात जुन्यांची उजळणी राहून जाते. तुमच्या मुलाचे शिक्षक शेवटच्या दिवसापर्यंत नवे शब्द देत असतील तर ते सरळ बाजूला ठेवा, जूनमध्ये बघू.

त्याऐवजी सत्तर-ऐंशी शब्द निवडा. पुस्तकातले सगळे नकोत. निवडताना एकच कसोटी लावायची, मे महिन्यात सोलापुरातल्या घरात हा शब्द वापरायची वेळ येईल का? वासर म्हणजे पाणी, आइमर म्हणजे बादली, फोल म्हणजे भरलेलं, लेअर म्हणजे रिकामं, हाइस म्हणजे गरम, श्लाफेन म्हणजे झोपणं, ओमा म्हणजे आजी, त्सूग म्हणजे रेल्वे, शिवाय आंबा, किल्ली, पंखा, चमचा, ताट. पारा चाळिशीच्या पुढे गेलेल्या दुपारी 'एस इस्ट हाइस' विसरलेलं पोरगं मी अजून पाहिलेलं नाही. फूटपट्टी, खडू, ग्रंथालय हे जूनमध्ये शाळेबरोबर परत येतील. ऐंशीपैकी वीस तरी क्रियापदं असू द्या. नाहीतर लेकरू नुसती वस्तूंची नावं घेत बसतं आणि वाक्य जुळत नाही.

आता कार्डं. विकतची आणू नका, लेकरानं स्वतः लिहिलेलीच कामाची. टॉवेल-चादरींच्या पॅकिंगचा पांढरा पुठ्ठा आमच्याकडे घरोघरी पडलेला असतो, त्याचे व्हिजिटिंग कार्डाएवढे तुकडे कापायचे. एका बाजूला जर्मन शब्द, डेअर-दी-दाससकट. शब्द त्यांच्याशिवाय कधीच लिहायचा नाही. जर्मन शिकवणारे बहुतेक जण डेअरला निळा, दीला लाल, दासला हिरवा रंग वापरतात, तोच ठेवा. पुढे दुसऱ्या क्लासला गेलं तरी गोंधळ होत नाही. ल्योफेल निळा, गाबेल म्हणजे काटा लाल, मेसर म्हणजे सुरी हिरवी. एका ताटातल्या तीन वस्तू आणि तिघींची तीन लिंगं! यात तर्क शोधत बसू नका, मुलांनाही शोधू देऊ नका. रंग लक्षात राहिला की पुरे.

मागच्या बाजूला चित्र काढायचं. ते जमत नसेल तर मराठीत किंवा तेलुगूत अर्थ लिहायचा. इंग्रजीत मुळीच नाही. यावर पालकांशी माझा दरवर्षी वाद होतो, कारण लिपी एकच म्हणून त्यांना इंग्रजी सोयीची वाटते. पण नेदरलँड्समध्ये झालेल्या एका अभ्यासात नव्याने शिकलेल्या परक्या भाषेतल्या शब्दांना मातृभाषेपेक्षा दुसऱ्या परक्या भाषेचाच अडथळा जास्त होतो असं दिसलं. माझ्या घरातल्या सतरंजीवरही तेच दिसतं. अडलेलं पोर जर्मनच्या जागी 'चमचा' कधी म्हणत नाही, 'स्पून' म्हणतं. परक्या भाषेच्या खणात हात घालतं आणि तिथे जे वर पडलेलं असतं ते उचलतं. सुट्टीत तरी त्या खणात इंग्रजीची भर नको.

उच्चार देवनागरीत लिहून ठेवायचा मोह होईल. इथे मी लिहिते आहे ते तुमच्यासाठी, कार्डावर नको. 'ल्योफेल' असं मराठी अक्षरांत वाचलं की तो ओठांचा चंबू होत नाही आणि महिन्याभरात उच्चार पार मराठी होऊन बसतो. शिक्षकांकडून सगळ्या शब्दांचं एक व्हॉइस रेकॉर्डिंग मागून घ्या. ऐंशी शब्द म्हणजे पाच-सात मिनिटं, कुणीही देईल.

पाण्याचा दिवस

कार्डांसाठी मिठाईचा रिकामा डबा घ्या आणि पुठ्ठ्याच्या दोन पट्ट्या उभ्या घालून तीन कप्पे करा. ही युक्ती झेबास्टियान लाइटनर याची. 1972 मध्ये त्याने शिकावं कसं यावर पुस्तक लिहिलं, त्यात पाच कप्प्यांची पेटी आहे. आलेलं कार्ड पुढच्या कप्प्यात, न आलेलं परत पहिल्यात. पहिला कप्पा वरचेवर बघायचा, शेवटचा क्वचित. सुट्टीतल्या पोराला पाच कप्पे झेपत नाहीत. कुठलं कार्ड कुठे ठेवायचं यावरच भावंडांची भांडणं लागतात. तीन पुरेत.

कधी बसायचं, हा खरा प्रश्न. "रोज दहा मिनिटं" हे सांगायला छान वाटतं, पण मे महिन्यात ते चार दिवस टिकतं. लग्नं असतात, पाहुणे असतात, पोरं संध्याकाळी मैदानावरून घरात येत नाहीत. मग मी वेळ बांधून टाकली नळाच्या पाण्याला. आपल्याकडे पाणी रोज येत नाही, काही दिवसांआड येतं. त्या दिवशी घरातलं कुणी तरी हमखास घरात असतं, पाणी जाईपर्यंत हलता येत नाही, आणि तो दिवस अख्ख्या गल्लीत कुणी विसरत नाही. पाणी आलं की डबा उघडायचा, पाणी भरून झालं की बंद.

हे अंतर स्मरणशक्तीच्या सोयीचंही आहे. काल बघितलेला शब्द आज विचारला तर तो जिभेवरच असतो, काढायला कष्ट पडत नाहीत, आणि कष्ट न पडता आलेला शब्द फारसा पक्का होत नाही. चार-पाच दिवस गेले की तो थोडा मागे सरकतो, तेव्हा ओढून काढला की पक्का बसतो. 2008 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या प्रयोगात, पाच आठवड्यांनी परीक्षा असेल तर दोन बैठकींमध्ये अकराएक दिवसांचं अंतर सगळ्यात फायद्याचं ठरलं होतं. म्हणून एखादी पाण्याची पाळी लग्नात गेली तर जीव टांगणीला लावू नका. फक्त सुट्टीतली पहिली चुकवू नका.

बसायचं कसं, ते एका मुलीवरून सांगते. माझ्याच गल्लीतली, सातवीतली. आई बॅरलमध्ये पाइप सोडून उभी, ही उंबऱ्यात मांडीवर डबा घेऊन. कार्डाची चित्राची बाजू वर. किल्ली. ही म्हणते, "श्ल... श्ल..." आणि थांबते. आई म्हणते, "मागं बघ की पटकन." ही म्हणते, "थांब गं, यायलंय." पाइप बॅरलमधून बादलीत जातो. बादली निम्मी भरते. "श्ल्यूसेल! डेअर श्ल्यूसेल." मग कार्ड उलटतं, शब्द निळा निघतो, कार्ड दुसऱ्या कप्प्यात जातं. पुढचं चित्र चमच्याचं, आणि ही ठासून म्हणते, "दी गाबेल." उलटल्यावर स्वतःच कपाळाला हात लावते. कार्ड पहिल्या कप्प्यात, पण लगेच आत ढकललं नाही, आणखी तीन कार्डं झाल्यावर तेच पुन्हा काढलं आणि या वेळी बरोबर आलं.

मधली ती थांबायची वेळ मोडू नका, म्हणून एवढं सविस्तर सांगितलं. 2006 मध्ये अमेरिकेत रोडिगर आणि कार्पिक या दोघांनी विद्यार्थ्यांना उतारे दिले. काहींनी ते पुन्हा पुन्हा वाचले, काहींनी एकदा वाचून मग न बघता आठवून लिहिले. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तर वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तर आठवणारे बरेच पुढे गेले. "वही काढ आणि दहा वेळा वाच" हे आपल्या घरांतलं लाडकं औषध सुट्टीसाठी कुचकामी आहे ते यामुळे. वाचताना सगळं येतंय असं वाटतं, आणि तिथेच फसगत होते.

आईला किंवा आजीला जर्मन येत नाही हा फायदाच आहे, कारण मध्येच उत्तर सांगून टाकता येत नाही. तिनं एवढंच बघायचं की लेकरू कार्ड उलटायच्या आधी तोंडानं काही तरी बोललं का. चुकीचं बोललं तरी चालेल. मनात दहा आकडे होईपर्यंत थांबायचं. नाहीच आलं तर कार्ड जरासं उलटून पहिलं अक्षर दाखवायचं, तरीही नाही तर पूर्ण शब्द. ओरडायचं नाही, आणि "एवढं साधं येईना?" हे तर अजिबात नाही. ज्या घरात हे वाक्य ऐकू येतं तिथला डबा तिसऱ्या पाण्याला पलंगाखाली जातो.

कार्डं संपली की दोन-तीन वाक्यं बोलून घ्या. 'डेअर आइमर इस्ट फोल', बादली भरली. 'डेअर आइमर इस्ट लेअर', बादली रिकामी. वस्तू समोरच असतात. सगळं मिळून पंधरा-वीस मिनिटांच्या वर नको.

आजोळी जाताना डबा न्यायचा नाही, हरवतो. पहिल्या कप्प्यातली वीस कार्डं रबर लावून पिशवीत टाका. तिथे मामा-मावशीच्या पोरांना दहा शब्द शिकवायचं काम द्या. शिकवायला बसलेलं पोर स्वतःचा शब्द नीट पारखून घेतं, कारण तिथे इज्जतीचा प्रश्न असतो. मामेभाऊ आधी जर्मन शिव्या विचारतील, त्याला इलाज नाही.

मोबाइलवरच्या ॲपचं थोडक्यात सांगते. चार पर्यायांतून एक निवडायला लावणारं ॲप फक्त ओळखणं तपासतं, आणि तेवढं लेकराला जूनमध्येही येणारच असतं. टाइप करायला किंवा बोलायला लावणारं असेल तर ठीक. जर्मन गाणी, कार्टून खुशाल लावा, कान तयार राहतो. पण तो अभ्यास म्हणून मोजू नका.

जून उजाडल्यावर

पहिल्या दिवशी परीक्षा नको. मी पहिल्या दिवशी गोष्ट सांगते, ओळखीच्या शब्दांची, आणि मुलांना फक्त हातवारे करायला लावते. ऐकून कळतंय हे त्यांच्या लक्षात आलं की निम्मी भीती जाते. दुसऱ्या दिवशी सगळी कार्डं काढायची आणि तीन ढीग करायचे. एक 'आलं', एक 'जिभेवर आहे', एक 'गेलं'. हे लेकरानं एकट्यानं करायचं, सगळ्यांसमोर नाही. मधल्या ढिगावर सगळ्यात जास्त वेळ द्या, तो दोन-तीन बैठकींत परत येतो. 'गेलं' म्हणून टाकलेल्या शब्दांपैकीही बरेचसे दुसऱ्यांदा शिकताना निम्म्या वेळात बसतात. एबिंगहाउस मोजत होता ते हेच, वाचलेले कष्ट. ज्या शब्दाला खरोखर नव्यासारखा वेळ लागतो तो एप्रिलमध्येही पक्का नव्हता असं समजा.

पुस्तक पहिल्या धड्यापासून पुन्हा सुरू करायचं नाही. पालक आग्रह धरतात, काही शिक्षकही तेच करतात. ज्याला निम्मं येतंय ते पोर आठवड्यात कंटाळतं, आणि ज्याला येत नाही त्याला सगळंच पुन्हा डोंगराएवढं वाटतं. पुढचा धडा घ्या, जुने शब्द त्यातच मिसळून घ्या.

फारच घाबरलेल्या पालकांना मी हॅरी बाहरिक या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाचा अभ्यास सांगते. शाळा-कॉलेजात स्पॅनिश शिकलेल्या सातशेहून अधिक माणसांची त्याने परीक्षा घेतली, काहींना शिकून पन्नास वर्षं झाली होती. 1984 मध्ये निष्कर्ष छापले. पहिली तीन ते सहा वर्षं घसरण होते, पण त्यातून जे उरतं ते पुढे पंचवीस-तीस वर्षं जवळजवळ तसंच राहतं. किती उरणार हे मुळात किती पक्कं शिकलं होतं त्यावर ठरतं. अर्थात त्या माणसांना भाषा सुटली होती, आपल्याला नुसता मे काढायचा आहे.

दिवाळीच्या सुट्टीला एवढा बारदाना नको. सुट्टी लहान, फराळ आणि फटाक्यांत डबा कोण उघडणार? सुट्टी लागल्यावर दुसऱ्या दिवशी एकदा कार्डं फिरवा, भाऊबीज झाली की एकदा. जानेवारीत गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेच्या वेळी क्लास चार-दोन दिवस बंद असतो तेव्हा तर मी काहीच देत नाही. फक्त एवढंच सांगते, की जत्रेत दिसलेल्या पाच वस्तूंची नावं जर्मनमध्ये आठवून या, येत नसतील तर चित्र काढून आणा. आणतात. आकाशपाळण्याला काय म्हणतात हे दरवर्षी कुणी तरी विचारतंच, आणि 'रीझनराट' हा शब्द कार्डावर न लिहिताही पुढच्या गड्ड्यापर्यंत टिकतो.